गराजमधून : फेस आणि चिंध्या

गेल्या अंकात आम्ही गंजाबद्दल लिहिलं, त्यावर जी पत्रं आली त्यांत बहुतेक प्रश्न फावड्यांचे आणि लॉन-मोअरचे होते. दोन मात्र रायफलचे निघाले. एक गृहस्थ लिहितात, "जावईबापूंनी शिकारीची रायफल आमच्या बेसमेंटमध्ये ठेवली आहे. ती साफ करायला दुकानात फेसाचा डबा मिळतो. नळीत फवारायचा, चहा पिऊन यायचं, आणि पुसून काढायचं, म्हणे. हे खरं की नुसती जाहिरात?" दुसऱ्या पत्रातल्या ताईंचा मुलगा शाळेच्या रायफल टीममध्ये आहे. त्यांचा प्रश्न सरळ आहे : "हा डबा घरात येऊ द्यावा का?"

बंदुकीचं नाव वाचून ज्यांनी पान उलटायला हात पुढे केला असेल त्यांनी जरा थांबावं. आपल्या घरांत ही वस्तू येणारच नाही, असं म्हणायचे दिवस गेले. आम्ही राहतो त्या पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या शाळा बंद, ही कित्येक पिढ्यांची रीत. २०१९ साली पहिला दिवस शनिवारवर आणला, तरी सोमवारची सुट्टी काही बऱ्याच शाळांनी सोडली नाही! अशा गावात वाढलेल्या मुलांना शिकारीचं अप्रूप वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. त्यातून मुलं इथलीच लग्नं करतात. मग जावई येतो, त्याच्याबरोबर त्याच्या आजोबांची विंचेस्टर येते, आणि आपल्या देवघराच्या बरोबर खालच्या खोलीत ती कपाटात उभी राहते.

शिवाय आपण समजतो तितके आपण या विषयात कोरेही नाही. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर, १९६३ पासून १९६८ पर्यंत, भारतात कॉलेजच्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची होती. त्या वयोगटातले जे वाचक आहेत त्यांना थ्री-नॉट-थ्री नक्की आठवत असेल. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण, त्याच्या आत तेलाची कुपी आणि 'फुलथ्रू'. शब्द मूळचा पुल-थ्रू, पण आपले हवालदार फुलथ्रूच म्हणायचे. एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी. वजन मागच्या बाजूने नळीत सोडायचं, पुढून बाहेर आलं की दोरी ओढायची, आणि दोरीच्या फासात अडकवलेली चार इंच बाय दोन इंच फ्लॅनेलची चिंधी नळी पुसत बाहेर यायची. दोरी नेहमी मागून पुढे. उलट कधीही नाही. का, ते हवालदारांनी सांगितलं नसेल, पण त्याला कारण आहे, आणि ते पुढे येईल.

आधी नळीत साचतं काय ते पाहू. रायफलच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. शिकारीच्या नेहमीच्या तीस कॅलिबरच्या नळीत या खाचा इंचाच्या चार हजारांश भागाएवढ्याच खोल असतात, म्हणजे साधारण जाड केसाएवढ्या. गोळी आतून शिशाची आणि वरून तांब्याचं कवच. हे कवच शंभर टक्के तांब्याचं नसतं. बहुधा ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. मागे चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांचा दाब, आणि सेकंदाला आठशे-नऊशे मीटरचा वेग. अशा घासणीत प्रत्येक गोळी थोडं तांबं नळीला पुसून जाते. त्यावर जळलेल्या दारूची काजळी, त्यावर पुन्हा तांबं. भज्यांच्या कढईला बाहेरून जशी पुटं चढतात, तशी ही आतून. पुटं वाढली की केसाएवढ्या खाचा बुजायला लागतात आणि नेम विस्कटतो.

काजळी एक वेळ घासून निघते. तांबं लोखंडाला असं चिकटून बसतं की ते विरघळवावंच लागतं. आपल्या ताम्हनाला चिंच लावतो तसं इथेही चालेल, असं कोणाच्या मनात येईल म्हणून आताच सांगतो : चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही रायफलला लावायचं नाही. आंबट पदार्थ पोलाद खातो आणि वरचा निळसर-काळा मुलामाही उतरवतो. तांब्याला विरघळवून पोलादाला फारसा धक्का न लावणारी वस्तू म्हणजे अमोनिया आणि त्याचे भाऊबंद. जुनी तांबं-काढू औषधं अमोनियाचीच असायची. दारावर कल्हईवाला यायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर उठून नाकात झिणझिण्या यायच्या, त्याच घराण्यातला हा वास. ही औषधं जहाल. नळीत जास्त वेळ राहिली तर नळीलाच चरे पाडायची, म्हणून घड्याळ लावून बसावं लागे. (काजळीसाठी वेगळं औषध. हॉपीज नंबर नाइन हे त्यातलं नाव १९०३ पासूनचं, आणि त्याच्या केळ्यासारख्या वासाने आजही म्हाताऱ्या शिकाऱ्यांचे डोळे पाणावतात.)

फेसाने यात दोन गोष्टी सुधारल्या. पातळ औषध आडव्या नळीत ओतलं की तळाशी जाऊन बसतं आणि वरची बाजू कोरडीच राहते. फेस दाढीच्या क्रीमसारखा फुगून नळी पूर्ण भरतो आणि चहूबाजूंनी चिकटून राहतो. दुसरं म्हणजे वाइप-आउटसारख्या कित्येक डब्यांत अमोनिया नसतो, त्याऐवजी सौम्य अमाइन असतात, त्यामुळे अर्धा तास, काही डब्यांच्या बाबतीत तर रात्रभर ठेवलं तरी चालतं. फेस बाहेर येतो तो निळा. हा निळा रंग म्हणजे विरघळलेलं तांबं. आपल्याकडे द्राक्षांच्या बागेत मोरचूद मारतात त्या निळ्याचाच नातेवाईक. नळीत तांबं उरलंय की संपलं, हे तो रंगच सांगतो. पहिल्या चिंधीवर गडद निळा, दुसऱ्या वेळी फिका, तिसऱ्या वेळी नाही. एक मेख आहे. चिंधी ज्या टोकावर बसवतो ते टोक किंवा ब्रश पितळेचा किंवा ब्राँझचा असेल तर औषध त्याचंही तांबं काढतं, आणि नळी स्वच्छ असूनही चिंधी निळीच येत राहते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी यापायी एका रविवारी दोन डबे संपवले! टोक प्लॅस्टिकचं किंवा निकेलचा मुलामा दिलेलं घ्यावं, ब्रश नायलॉनचा.

आता पहिल्या पत्राचं उत्तर. जाहिरात खोटी नाही. खरा फायदा मात्र जाहिरातीत ठळक छापत नाहीत. नळ्या जितक्या गोळ्या झाडून झिजतात त्याहून जास्त चुकीच्या घासण्याने बिघडतात, असं जुने बंदूक-कारागीर सांगतात, आणि आम्हाला ते पटतं. नळीच्या तोंडाची कड, जिला इथे क्राउन म्हणतात, ती गोळीला शेवटची शिवते. तिथे एका बाजूला किंचित जरी झीज झाली तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरकं ढकलतो. लोखंडी गज तोंडाकडून आत घालून जोरजोरात मागे-पुढे केला की हीच कड झिजते. हवालदारांच्या 'मागून पुढे'चं कारण हे. पण जावईबापूंची रायफल जर लिव्हर ओढायची जुनी विंचेस्टर असेल, १८९४ साली निघालेल्या मॉडेलची, तर तिच्यात मागून सरळ गज जातच नाही. तिथे फेस खरा उपयोगी. घासण्याचं काम औषध करतं, आणि नंतर फुलथ्रूच्याच नव्या अवताराने, दोरीच्या बोअर-स्नेकने, मागून पुढे पुसून काढता येतं.

फेस काय करत नाही तेही पाहावं. जिथून गोळी सुटते त्या गळ्याशी भाजून दगड झालेली काजळी तो काढत नाही. तिला वेगळं औषध आणि ब्रश लागतो. पॉइंट टू-टूच्या छोट्या रायफलीत गोळी बहुतेक उघड्या शिशाची, वर मेणाचा हात. तांबंच नाही, तर फेस काढणार काय? तेव्हा त्या ताईंनी आधी मुलाला विचारावं की टीमची रायफल कुठली. टू-टू असेल तर कोरडी चिंधी आणि थोडं तेल पुष्कळ झालं. एअर रायफल असेल तर हा डबा तिच्या जवळपासही नको, आतली रबरी सीलं खराब होतील. शाळेच्या कोचला विचारून तो सांगेल तेच करावं.

आणि एक प्रकार आहे तो आम्हा पुणेकरांच्या जिव्हाळ्याचा. इथल्या गन-शोमध्ये जुन्या ली-एन्फील्ड मिळतात, कधी ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्याही, आणि त्यांच्याबरोबर जुनी थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं. काडतुसाच्या बुडावर रोमन के आणि एफ अशी अक्षरं दिसली तर तो आपल्या खडकीचा माल! १८६९ साली सुरू झालेला तो कारखाना. गावाकडचं नाव वाचून ऊर भरून येतो हे खरं, पण अशा जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते पेटल्यावर मागे राहतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचाच भाऊ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसं पाणी सुटतं तसं हे नळीत हवेतली ओल ओढतं, आणि दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. वर कितीही तेल चोपडा, मीठ तेलात विरघळत नाही. हे फोडणी करणाऱ्याला सांगायला नको. त्याला पाणीच हवं. जुने सैनिक उकळतं पाणी नरसाळ्याने नळीतून सोडायचे, नळी तापून आपोआप कोरडी व्हायची, मग तेल. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात, त्याही गरम पाण्यानेच धुवाव्या लागतात. काळ्या दारूची राखही तशीच ओल धरणारी. तेव्हा अशी काडतुसं वापरली असतील तर आधी पाणी, मग कोरडं करणं, आणि तांबं काढायचं असेल तर त्यानंतर फेस.

प्रत्यक्ष कृती फार मोठी नाही. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. मॅगझिन काढायचं, बोल्ट काढायचा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. रायफल रिकामी आहे असं जावयाने सांगितलं असलं तरी पाहायचं, त्यात त्याचा अपमान नाही. गराजचं दार उघडं, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. साध्या औषधाच्या दोन चिंध्या फिरवून वरची सुटी काजळी काढली की फेसाला तांब्यापर्यंत वाट मिळते. मग रायफल आडवी, तोंडाची बाजू थोडी खाली उतरती, तोंडाखाली जुनी वर्तमानपत्रं. डब्याची नळी चेंबरच्या बाजूने लावून बटण क्षणभरच दाबायचं. फेस आत गेल्यावर फुगतो, आणि नवशिका माणूस तो तोंडाशी दिसेपर्यंत बटण सोडत नाही, त्यामुळे निम्मा डबा जमिनीवर येतो.

तोंडाची बाजू खाली का, यावर थोडं थांबतो. आमच्या शेजाऱ्यांनी, चांगल्या पट्टीच्या शिकारी माणसाने, फेस पुसून रायफल नेहमीसारखी दस्त्यावर उभी कपाटात ठेवली. नळीत राहिलेलं औषध आणि वरचं तेल महिनाभर हळूहळू मागे उतरत चापाच्या यंत्रात जाऊन बसलं आणि वाळून चिकट झालं. डिसेंबरच्या थंडीत पहाटे झाडावरच्या मचाणात त्यांचा चाप घट्ट झाला. गोळी सुटली नाही, हे नशीब. याच्या उलटही होऊ शकतं, चाप अर्धवट अडकून नको तेव्हा सुटू शकतो. म्हणून चेंबर आणि मागची बाजू वेगळ्या कोरड्या चिंधीने पुसायची, आणि पहिले एक-दोन दिवस रायफल तोंड खाली करून ठेवायची. लाकडी दस्त्यावर फेस सांडला तर लगेच टिपून घ्यावा, पॉलिश उडतं.

वेळ झाल्यावर चिंध्या. आत गेलेल्या चिंध्या मोजाव्यात आणि बाहेर आलेल्याही मोजाव्यात. सर्जन टाके घालण्याआधी बोळे मोजतात ना, तसंच. नळीत अडकलेल्या एका चिंधीवर गोळी झाडली तर नळी फुटते, आणि फुटलेली नळी चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते. शेवटी नळीतून उजेडाकडे पाहायचं. बोल्ट काढलेलाच आहे. साठवायची असेल तर तेलाचा पातळ हात, आणि पुन्हा झाडण्याआधी तो हात पुसून काढायचा. चेंबर तर कोरडंच हवं. ओल्या चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

हे केव्हा करायचं, याचं उत्तर आपल्या पंचांगात छान बसतं. खंडेनवमीला. आम्ही त्या दिवशी ड्रिल, पाने, करवतीला हळदकुंकू लावतोच. रायफल असेल त्यांनी तीही लावावी, फक्त पोलादावरचं ओलं कुंकू आणि बोटांचे ठसे संध्याकाळी पुसून तेल लावावं, घामाच्या ठशातून गंज उठतो. खंडेनवमी ते शिकारीचा पहिला दिवस यांत बहुतेक वर्षी महिना-दीड महिना मिळतो. तो लागतोच. कारण नुकत्याच साफ केलेल्या नळीतून पहिल्या एक-दोन गोळ्या नेहमीच्या जागी जात नाहीत. नळीला थोडं तांबं, थोडी काजळी पुन्हा बसली की नेम स्थिरावतो. साफसफाईनंतर रेंजवर जाऊन चार-पाच गोळ्या झाडून नेम तपासायचा, आणि मग शिकार संपेपर्यंत नळीला तांब्याचं औषध दाखवायचं नाही. आदल्या रात्री हौसेने नळी चकचकीत करणारा शिकारी दुसऱ्या दिवशी शंभर यार्डांवरून चार बोटं चुकतो, आणि ती चार बोटं म्हणजे काळजाऐवजी पोटात गोळी लागून मैलभर धावत जाऊन रात्री कुठेतरी झुडुपात मरणारं हरीण. शिकार करावी की नाही यावर आमच्या घरातही एकमत नाही, सौ. त्या दिवशी स्वयंपाकघरात हरणाचं नावही घेऊ देत नाहीत. पण करायचीच असेल तर त्या प्राण्याचे हाल होऊ नयेत, यावर दुमत नसावं. वर्षाकाठी वीस-पंचवीस गोळ्या झाडणाऱ्याला असं तांबं काढणं वर्षातून एकदा पुरे.

आता ताईंचा खरा प्रश्न, घरात येऊ द्यावा का. डब्यापेक्षा आम्हाला शिशाची काळजी जास्त वाटते. नळीतून निघणाऱ्या काळ्या चिखलात गोळीचं शिसं असतं आणि काडतुसाच्या टोपीतलंही. मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित आहे असं आजवर सापडलेलं नाही, असं इथलं सी.डी.सी. सांगतं. तेव्हा हे काम जेवणाच्या टेबलावर, किचनच्या काउंटरवर, रांगतं मूल फिरतं त्या कार्पेटवर करायचं नाही. सून गरोदर असेल तर तिने त्या चिंध्यांना हात लावू नये. काम झालं की साबणाने हात, आणि कपडे वेगळे धुवायचे. मधे चिवड्याची बशी नको! दुसरं : अमोनियाचं जुनं औषध आणि क्लोरॉक्ससारखं ब्लीच एकत्र येऊ देऊ नये, विषारी वायू होतो, सांडलेलं पुसायला ब्लीच घेणारे महाभाग आहेत. फेसाचा डबा दिसायला थेट दाढीच्या क्रीमसारखा असतो, म्हणून तोही रायफलसारखाच कुलपात. या अटी पाळायची तयारी असेल तर येऊ द्यावा. मुलाला हे करताना शेजारी बसवून शिकवावं, एकट्याला नाही.

राहता राहिली एक गोष्ट, जी डब्यावर लिहिलेली नसते आणि आपल्या लोकांनाच लागू पडते. अमेरिकेच्या कायद्यानुसार एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. मुख्य अपवाद म्हणजे शिकारीचा वैध परवाना असेल तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. बाळगणं म्हणजे मालकीच असावी लागते असं नाही. हातात, ताब्यात असणं यालाही बाळगणं म्हणतात, आणि अशा गुन्ह्यात देश सोडायची पाळी येऊ शकते. म्हणून पुण्याहून शिकायला आलेला भाचा वीकेंडला घरी आला आणि "काका, मी करतो ना साफ!" म्हणाला, तर त्याला चहा करायला सांगावं. आणि घरात असा पाहुणा बरेच दिवस राहणार असेल तर कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे वकिलाशी एकदा बोलून ठरवावं.